मकिता जीए ४०३०: मोटर पहिल्या वर्गात, स्विच काठावर पास

दुकानात चार इंची ग्राइंडर मागितला की बोलणं वॅटवर सुरू होतं आणि वॅटवरच संपतं. ते आधी उरकून टाकू. मकिताचा हा जीए ४०३० ७२० वॅटचा आहे, मिनिटाला ११,००० फेरे, १०० मिमीचं चाक, एम१० स्पिंडल (चाक बसतो तो १० मिमी आट्यांचा दांडा). खिडकीची ग्रिल, गेट, वेल्डिंगची बीड (जोडावरची उंच रेघ) घासणं, सळई किंवा चौकोनी पाईप कापणं, एवढ्याला ही ताकद पुरून उरते. दिवसभर १० मिमीच्या प्लेटा कापायच्या असतील तर हे मशीन त्यासाठी नाही. मोठा ग्राइंडर किंवा कटऑफ मशीन बघा. बॉडी बारीक आहे, मूठ पूर्ण मिटते, आणि मोटर-बेअरिंगला धुळीपासून आडोसा दिलेला आहे. लोखंडाची बारीक पूड मागच्या जाळीतून आत खेचली जाते आणि आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा गुंडाळीचा भाग, जाळते, त्यामुळे हा आडोसा वॅटपेक्षा जास्त कामाचा.

आता स्विच. सरकवायचा स्विच आहे: मागचा भाग दाबून पुढे सरकवला की चालू, पुढचं टोक दाबलं की लॉक, मागचं टोक दाबलं की खटकन बंद. सलग घासायला सोयीचा, अंगठा दुखत नाही. पण हातातून सुटला तर हा ग्राइंडर फिरतच राहतो आणि फरशीवर चाकावर नाचतो. दुसरी गोष्ट आपल्याकडे हमखास घडणारी: काम चालू असताना वीज गेली, मशीन तसंच ठेवून चहाला गेले, वीज आली की मशीन आपोआप सुरू. वीज गेल्याबरोबर स्विच मागे आणि प्लग बाहेर, ही सवय लागेपर्यंत हा ग्राइंडर नवशिक्याच्या हातात देऊ नये. ४०३०आर हे मॉडेल वीज परत आल्यावर आपोआप सुरू होत नाही, आणि ४०३४ला पॅडल स्विच आहे, म्हणजे मूठ सैल पडली की बंद. घरात एकच ग्राइंडर असणार असेल तर पैसे थोडे वाढवून या दोघांपैकी एक घ्या.

गार्डबद्दल, म्हणजे चाकावरच्या झाकणाबद्दल, तक्रार आहे, पण ती या एका कंपनीपुरती नाही. सोबत मिळणारं गार्ड घासायच्या कामाचं असतं, चाकाची पुढची बाजू उघडी. कापायला दोन्ही बाजूंनी झाकलेलं वेगळं गार्ड लागतं आणि ते बहुतेक वेळा सुटं विकत घ्यावं लागतं. दुकानदार आपणहून ते दाखवत नाही, गिऱ्हाईकही मागत नाही, आणि शेडमध्ये शेवटी बिनगार्डाचा ग्राइंडर दिसतो. हिशेब करून बघा: १०० मिमीचं चाक ११,००० फेऱ्यांवर असताना त्याची कड सेकंदाला सुमारे ५८ मीटर जाते, म्हणजे ताशी २०० किलोमीटरच्या वर. चाक फुटलं की तुकडे त्याच वेगाने निघतात, चाकाच्या रेषेत. म्हणून गार्डची झाकलेली बाजू आपल्याकडे हवी, आणि तोंड चाकाच्या सरळ रेषेत कधी नको.

चाक घेताना त्यावरचा कमाल वेग वाचा. चार इंची म्हणून मिळणाऱ्या १०५ मिमीच्या चाकावर साधारण १४,५०० फेरे आणि ८० मीटर प्रतिसेकंद असं छापलेलं असतं. आकडा मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्तच हवा. मधल्या धातूच्या कडीवर महिना आणि वर्ष असतं, ती मुदत. चाकाचे कण धरून ठेवणारा राळेचा बंध ओलाव्याने आणि वयाने कमजोर होतो, म्हणून पावसाळ्यात गळक्या पत्र्याखाली पडलेली जुनी चाकं स्वस्तात मिळाली तरी नकोत. पाच इंची चाक बसवायला गार्ड काढणं किंवा भोकाचं माप जुळवायला त्यात बुश (कडी) घालणं ही तर थेट अपघाताची तयारी. आणि लाकडासाठी म्हणून विकली जाणारी साखळीची किंवा दातेरी पाती या मशीनला लावूच नका. दात लाकडात अडकला की ग्राइंडर हातातून निसटून मानेकडे किंवा मांडीकडे येतो.

चाक बसवताना चूक होते ती चाक आवळायच्या नटात. नटाची एक बाजू सपाट, दुसरीला उंचवटा. जाड ग्राइंडिंग व्हीलला उंचवटा चाकाच्या भोकात बसतो. १ मिमीच्या कटिंग व्हीलला नट उलटा करून सपाट बाजू चाकाकडे ठेवायची, नाहीतर उंचवटा आतल्या फ्लँजला (चाकामागच्या चकतीला) टेकतो, नट घट्ट वाटतो आणि चाक मात्र सैल राहतं. मग स्पिंडल अडवणारं बटण दाबून पान्याने आवळा. चाक पूर्ण थांबल्याशिवाय ते बटण दाबलं तर आतली पिन तुटते. नवं चाक लावल्यावर तोंड बाजूला ठेवून एक मिनिट रिकामं फिरवा. थरथरलं तर काढा.

कापताना ग्राइंडर झटका मारतो त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: चीर मिटते आणि चाक चिमटीत सापडतं. पाईपची दोन्ही टोकं विटांवर ठेवून मधे कापलं की पाईप खाली वाकतो आणि चीर वरून मिटते. तुकडा कापायच्या जागेजवळ व्हाइसमध्ये किंवा सी-क्लॅम्पने पकडा आणि सुटणारं टोक मोकळं लोंबू द्या. चीर उघडत जाईल. लांब पत्रा असेल तर चिरेच्या दोन्ही बाजूंना जवळ आधार द्या. पायाखाली दाबून पाईप कापणं सगळीकडे दिसतं आणि नेमका पायच चाकाच्या रेषेत असतो. चाक सरळ आत, सरळ बाहेर. चिरेत असताना मनगट वळवलं की १ मिमीचं चाक तडकतं. कटिंग व्हीलच्या सपाट अंगाने बुर (कापलेल्या कडेची धारदार कोर) घासणं तर अजिबात नको. त्याला आडवा दाब सोसत नाही.

सरकवायची दिशाही बघा. चाकाने मशीन पुढे ओढता कामा नये; आपल्याला ते किंचित ढकलावं लागलं पाहिजे, म्हणजे सरकवण्याच्या दिशेला ठिणग्या पुढे जातात. उलट दिशेने गेलात की चाक चिरेतून वर चढून पळतं. अँगल (एल आकाराची लोखंडी पट्टी) एका दमात कापू नका, आधी एक पाय, मग दुसरा; चाक जितकं कमी लांबीला टेकेल तितकं झटपट कापतं. मोटरचा आवाज जड झाला तर दाब कमी करा. कापलेली कड निळी पडतेय म्हणजे दाब जास्त आहे किंवा चाक गुळगुळीत झालंय.

घासायला ६ मिमीचं ग्राइंडिंग व्हील, कड साधारण १५ अंशांवर टेकवून. नव्या चाकाची कड टोकदार असते आणि पुढे ढकललं की धातूत खड्डा पाडते. कड गोल होईपर्यंत फक्त मागे ओढत घासा. फिनिशिंगला फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती), आधी ४० किंवा ६० नंबर, मग बारीक ८०. स्टेनलेसला वेगळी चाकं ठेवा. लोखंडावर वापरलेलं चाक स्टेनलेसवर फिरवलं की पंधरा दिवसांत तिथे गंजाचे ठिपके येतात आणि गिऱ्हाईक म्हणतं, माल डुप्लिकेट आहे.

ठिणग्या किती लांब जातात हे लोक विसरतात. बाजूला उभ्या गाडीच्या काचेत आणि नव्या फरशीवर त्या चिकटून बसतात, नंतर निघत नाहीत. रंगाचा, थिनरचा, पेट्रोलचा ड्रम रिकामा दिसला तरी कापू नका. आतली वाफच पेट घेते. डोळ्याला बाजूंनी बंद गॉगल आणि वर फेस शिल्ड. साध्या चष्म्याच्या खालून कण जातो. हातात सैल सुती मोजे नकोत, धागा गुंतला की बोट मागोमाग जातं. घट्ट बसणारे चामड्याचे चालतील. गळ्यातला गमछा काढा, हवाई चपलेऐवजी बूट घाला. गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेला) पाईप कापताना मास्क आणि मोकळी हवा हवीच.

मशीनला दोन पिनांचा प्लग असतो कारण बॉडीला दुहेरी इन्सुलेशन आहे. म्हणून प्लग तोडून काडेपेटीच्या काड्या खोचून वायर सॉकेटात घालायची मुभा मिळत नाही. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरूनच (गळती होताच वीज तोडणारा स्विच) चालवा.

देखभालीत मुख्य म्हणजे कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे झिजणारे ठोकळे. मागच्या जाळीतून मोठ्या ठिणग्या दिसू लागल्या किंवा मशीन अडखळत चालू लागलं की प्लग काढून कार्बन बघा. खुणेपर्यंत झिजले असतील तर दोन्ही एकदम बदला, एकच बदलला तर कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात ती तांब्याची कडी) नीट झिजत नाही. नवे कार्बन होल्डरमध्ये हाताने सहज सरकले पाहिजेत. अडकत असतील तर ते चुकीच्या मापाचे आहेत, कानशीने घासून बसवू नका.