विमानतळाचा खर्च आटोक्यात राहिला, तो आमच्या बिलातून

मेटल सीलिंग, क्लॅडिंग, रेलिंग, काचकाम अशी कामं घेणाऱ्या लहान कंत्राटदारांसाठी हे लिहितोय. सध्या गावोगावच्या विमानतळांवर टर्मिनलची वाढ चालू आहे. टेंडर मोठी कंपनी घेते आणि काम आपल्यासारख्यांकडून करून घेते. एका शहराच्या विमानतळावर मी सीलिंगचं काम केलं आणि त्यात माझे एकोणीस लाखांवर रुपये बुडवले गेले. दावा चालू असल्यामुळे विमानतळाचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही. पण कसं फसवलं ते सगळं लिहितो, कारण हीच रीत आणखी कुणावर तरी चालू असणार.

दर ठरवताना बैठकीत सांगितलं गेलं की जागा बॅरिकेड लावून मोकळी मिळेल आणि दिवसपाळीत काम होईल. प्रत्यक्षात जुनं टर्मिनल चालूच होतं. शेवटचं विमान गेल्यावर आत सोडायचे आणि पहाटेच्या पहिल्या विमानाआधी सगळं आवरून बाहेर काढायचे. प्रत्येक माणसाचा पोलीस पडताळणीनंतरचा पास हवा. गेटवर सीआयएसएफचे जवान ड्रिल मशीनपासून पान्यापर्यंत सगळं यादीप्रमाणे मोजून आत घेतात आणि जाताना पुन्हा मोजतात. ती सुरक्षा आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मजुरांना हजेरी पूर्ण रात्रीची द्यावी लागते आणि काम निघतं तीन-चार तासांचं. हे कंपनीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. दुसऱ्या विमानतळांवरही त्यांनी असंच काम केलेलं होतं.

खरी लूट झाली ती एक्स्ट्रा आयटमवर, म्हणजे ठरलेल्या कामाबाहेरच्या जादा कामावर. निम्म्याहून जास्त ग्रिड चढलेली असताना ड्रॉइंग बदललं. एसीचे डक्ट खाली आले, स्प्रिंकलरच्या जागा हलल्या, सीलिंगची पातळी उतरवावी लागली. केलेलं काम उतरवून पुन्हा करायचं म्हणजे नवे हँगर, नव्या पट्ट्या आणि दुप्पट मजुरी. प्रोजेक्ट मॅनेजर म्हणाले, ‘‘शेठ, काम थांबवू नका, पाहणी आहे. एक्स्ट्रा आयटम पुढच्या आरए (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने निघणाऱ्या) बिलात टाकू.’’ मी लेखी मागितलं तेव्हा साइट इंजिनिअरने मोजमापाच्या कागदावर सही करून दिली. पुढच्या बिलात तो आयटम नव्हता. त्याच्या पुढच्या बिलातही नव्हता. विचारलं की उत्तर ठरलेलं, क्लायंटने, म्हणजे विमानतळाच्या मालकाने, खर्चाला कात्री लावलीय, प्रकल्पाचा आकडा मर्यादेला टेकलाय, जादा काहीही मंजूर होत नाही.

हे खोटं वाटत नाही, म्हणूनच ते चालतं. विमानतळांचा खर्च फुगतो आणि त्यावर बोंब होते, हे सगळ्यांनी पाहिलंय. दिल्लीच्या विमानतळाचा अंदाज ८,९७५ कोटींवरून १२,८५७ कोटींवर गेला. तूट भरून काढायला २००९ पासून तिथून निघणाऱ्या प्रवाशांच्या तिकिटावर विकास शुल्क बसलं, देशांतर्गतला २०० रुपये आणि परदेशी जाणाऱ्याला १,३०० रुपये. २०१२ मध्ये कॅगने त्या सगळ्या व्यवहारावर अहवाल दिला. त्यामुळे वरून हात आखडलाय असं कुणी सांगितलं की आपल्याला पटतं. सार्वजनिक पैशाचा हिशेब कडक असावा असं मलाही वाटतं. म्हणून तर राग जास्त येतो. त्या कडकपणाच्या नावाखाली पैसा वाचवला जात नव्हता, मधल्यामध्ये खिशात घातला जात होता.

ते कळलं माहिती अधिकारातून. विमानतळ सरकारी प्राधिकरणाचा होता. दहा रुपये भरून अर्ज केला आणि आमच्या भागाची मेजरमेंट बुकची (झालेल्या कामाची मोजमापं नोंदवायच्या वहीची) पानं आणि मुख्य कंपनीच्या बिलांचा गोषवारा मागितला. आधी ‘त्रयस्थ पक्षाची माहिती’ म्हणून नकार आला, पहिल्या अपिलात पानं मिळाली. त्यात आमचं उतरवून पुन्हा केलेलं सीलिंग चौरस मीटरसकट नोंदलेलं होतं. एक्स्ट्रा आयटम मंजूर होता, दर माझ्यापेक्षा बराच वरचा होता आणि पैसे कंपनीला अदा झालेले होते. ज्या महिन्यात मला ‘क्लायंट देत नाही’ म्हणून सांगत होते, त्याच्याही आधी! अडकला असाल तर वकिलाकडे जाण्यापूर्वी हा अर्ज टाका. आपण कुठला मजला, कुठला हॉल, कुठला आयटम हे नेमकं लिहा. मोघम अर्जाला मोघम उत्तर येतं.

हा कागद दाखवल्यावर कंपनी नरमेल असं वाटलं होतं. उलट डेबिट नोटा, म्हणजे आमच्या रकमेतून कापून घ्यायचे कागद, सुरू झाले. परांचीचं भाडं, वीज, झाडलोट, सेफ्टीचा दंड, ‘इतर एजन्सीच्या कामाचं नुकसान’. सगळ्या नोटा जुन्या तारखांच्या, आणि एकीचीही सूचना आम्हाला त्या वेळी मिळालेली नव्हती. परांची तर आमची स्वतःची होती, गेटवरच्या आवक नोंदीत ती आहे. म्हणून सांगतो, आत नेलेल्या प्रत्येक वस्तूच्या चलनाची प्रत शिक्क्यासह ठेवा. काम खोळंबलं तर त्याच रात्री ईमेल करा. प्राधिकरणाच्या साइटवर अडथळ्यांची नोंदवही असते, आपल्यामुळे नसलेला उशीर तिच्यात चढवायला लावा.

मग दिवाळीच्या तोंडावर कंपनीचा फोन आला. मजुरांचे पैसे थकलेत हे त्यांना बरोबर माहीत असतं. चार लाख लगेच सोडतो, फक्त एका पत्रावर सही करा. पत्रात लिहिलं होतं की सर्व रक्कम पूर्णपणे मिळाली, यापुढे कोणताही दावा नाही. मी सही केली नाही, मेहुण्याकडून उसने घेऊन मजुरांना दिले. त्याच साइटवर काचकाम करणाऱ्या एका भल्या माणसाने केली. त्याच्या घरी आजारपण होतं, दुसरा इलाज नव्हता. आता त्याचे वकील म्हणतात की ती सही दबावाखाली घेतली हे सिद्ध करत बसावं लागेल.

रिटेन्शनचं, म्हणजे काम झाल्यावरही काही काळ रोखून ठेवायच्या रकमेचं, कलमही नीट वाचा. आमच्या वर्क ऑर्डरमध्ये ‘टर्मिनल कार्यान्वित झाल्यापासून’ मुदत मोजायची, असं होतं. काम पूर्ण होणं आणि टर्मिनल सुरू होणं यांत किती अंतर पडू शकतं ते पुण्यात दिसलंय. माझं काम तिथे नव्हतं, पण लोहगावच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन १० मार्च २०२४ ला झालं आणि विमानं तिथून सुटायला लागली १४ जुलैला. तेवढा काळ आपली रक्कम विनाकारण अडकते. मुदत आपलं काम ताब्यात दिल्याच्या तारखेपासून लिहून घ्या. ‘क्लायंटकडून पैसे आल्यावर’ हे शब्द कुठेही राहू देऊ नका.

लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्यात ४५ दिवसांत पैसे द्यायची सक्ती आहे आणि उशिराला बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे. मी त्याच भरवशावर होतो. पण माल आणि मजुरी एकत्र असलेल्या कामाच्या कंत्राटाला हा कायदा लागू होत नाही, असे निकाल मुंबई उच्च न्यायालयाने दिलेत आणि कंपनीच्या वकिलांनी पहिल्याच उत्तरात तेच लावून धरलं. माल पुरवठ्याची ऑर्डर आणि बसवण्याची ऑर्डर वेगळी घेता आली तर घ्या. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद, वर्क ऑर्डरच्या आधीची असू द्या. आणि दावा लावायची तीन वर्षांची मुदत विसरू नका. ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणत ती संपवायची, हाही त्यांच्या कामाचाच भाग आहे.

माझा दावा आता व्यापारी न्यायालयात आहे. त्याआधीच्या मध्यस्थीला कंपनीचं कुणी फिरकलंच नाही. दरम्यान तीच कंपनी दुसऱ्या एका विमानतळासाठी सीलिंगचे दर मागत फिरतेय. माझ्या ओळखीच्या एका मुलाने मला त्या कंत्राटाचा मसुदा आणून दाखवला. पैशाचं कलम शब्दशः तेच होतं. आम्ही दोघांनी बसून ते खोडलं, एक्स्ट्रा आयटमचा दर आणि लेखी मंजुरीची अट घातली आणि परत पाठवलं. कंपनीने त्याला काम दिलं नाही, दुसऱ्या कुणाला तरी दिलं. तो कोण आहे ते मी शोधतोय. मेजरमेंट बुकची ती पानं त्याला पहिल्या बिलाच्या आत दाखवायची आहेत.