स्पिरिट, गॅस की कोळसा? पहिलं वाफेचं इंजिन घेण्याआधी

बागेतल्या रुळांवर खऱ्या वाफेवर धावणारं छोटं इंजिन घ्यायचं ठरलं की माणूस आधी रंग बघतो, मग चाकं मोजतो, मग शिट्टी आहे का विचारतो. माझं म्हणणं, आधी जळण ठरवा. दुपार कशी जाणार, हात किती काळे होणार आणि वर्षभरात इंजिन कपाटातून किती वेळा बाहेर निघणार, हे सगळं जळणावर ठरतं. रंग पुढे कधीही बदलता येतो. स्पिरिटच्या इंजिनाचं कोळशाचं इंजिन करायला मात्र जवळजवळ नवा बॉयलरच बसवावा लागतो.

मी बोलतोय ते हातात उचलता येणाऱ्या इंजिनांबद्दल, म्हणजे ३२ आणि ४५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरच्या. माणसं मागे बसवून ओढणारी मोठी मॉडेलं हे वेगळंच प्रकरण. ३२ मिलिमीटरचा रूळ १:१९ प्रमाणात दोन फुटी नॅरोगेज दाखवतो, म्हणजे आपल्या नेरळ-माथेरानचं माप. ४५ मिलिमीटरवर ‘गेज वन’ (या रुंदीचं छंदातलं नाव) ची मोठ्या लाइनवाली इंजिनं धावतात. नॅरोगेजची बरीच मॉडेलं चाकांमधलं अंतर बदलून दोन्हींवर चालवता येतात. या छंदाचं माहेर इंग्लंड. डॉनकास्टरची राऊंडहाऊस ही कंपनी १९८२ मध्ये सुरू झाली, गॅसवरच्या इंजिनांसाठी ती ओळखली जाते आणि तिने दार्जिलिंगच्या छोट्या रेल्वेवरच्या ‘बी क्लास’ इंजिनाचं मॉडेलही काढलं होतं. स्पिरिटवाल्यांमध्ये नाव घेतलं जातं ते जपानच्या ॲस्टर कंपनीचं. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहून ज्यांना ही ओढ लागली असेल, त्यांनी एवढं लक्षात घ्यावं की तिथल्या गाड्या विजेवर पळतात. इथे विस्तवाशी गाठ आहे.

गॅस

बॉयलरच्या पोटातून एक जाड नळी आरपार जाते, तिच्यात बर्नर आणि केबिनमध्ये ब्युटेनची इवलीशी टाकी. सिरिंजने मोजून पाणी भरायचं, वंगणाच्या भांड्यात स्टीम ऑइल, टाकीत गॅस. व्हॉल्व्ह अगदी थोडा उघडून धुराड्याच्या तोंडाशी काडी धरली की ‘फप्’ आवाज होतो आणि ज्योत नळीतून मागे बर्नरवर जाऊन बसते. हा आवाज एकदा ओळखीचा झाला की निम्मं काम झालं. तो आला नाही आणि नुसती फुरफुर ऐकू येत राहिली, तर ज्योत धुराड्यातच अडकली आहे. गॅस बंद करा, जरा थांबा, पुन्हा लावा. पाच-दहा मिनिटांत दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा ४० पीएसआयकडे (पौंड प्रति चौरस इंच) सरकतो आणि पुढे वीस ते तीस मिनिटं इंजिन पळतं.

नवख्याने गॅस घ्यावा असं मी म्हणतो त्यामागे सोय आहेच, पण त्याहून मोठं कारण वेगळं आहे. या इंजिनांची टाकी अशी मोजून बनवलेली असते की बॉयलरमधलं पाणी संपायच्या आत गॅस संपतो. पाणी आणि गॅस दोन्ही दर फेरीला नव्याने, पूर्ण भरले, तर कोरड्या बॉयलरखाली आग राहण्याचा प्रश्नच येत नाही. ‘अजून थोडं पाणी आहे, नुसता गॅसच भरू’ हा मोह मात्र टाळायचा.

गॅसच्या कुरबुरी हवामानाच्या आहेत. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास उकळायचं थांबतं, त्यामुळे इंग्लंडच्या हिवाळ्यात टाकीला कोमट पाण्यात बसवावं लागतं किंवा प्रोपेन मिसळलेला गॅस घ्यावा लागतो. आपल्याकडे तऱ्हा उलटी. २० अंशाला टाकीत ब्युटेनचा दाब हवेपेक्षा साधारण १.१ बार जास्त असतो, ४० अंशाला तो २.८ बारपर्यंत चढतो. नागपूरच्या मे महिन्यात बर्नर किंचाळायला लागला तर इंजिनाला दोष देऊ नका, व्हॉल्व्ह आणखी बारीक करा. प्रोपेनमिश्रित डबा उन्हाळ्यात नकोच, आणि घरच्या सिलिंडरमधून गॅस काढायचा विचारही मनात आणू नका. दुसरी गोष्ट, फेरी संपल्यावर टाकी गरम असते आणि गरम टाकीत गॅस शिरत नाही. ओलं फडकं गुंडाळून दहा मिनिटं थांबलं की सुरळीत भरतो. भरायचं ते उघड्यावर आणि आसपास कुठेही आग नसताना. ब्युटेन हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचून राहतो.

देखभालीत एकच नाजूक जागा, ती म्हणजे जेट, बर्नरला गॅस सोडणारं बारीक भोक असलेला तुकडा. घरात रॉकेलचा स्टोव्ह पाहिलेल्या पिढीचा हात आपोआप पिनेकडे जातो. इथे पीन घातली की भोक मोठं होतं आणि ज्योत कायमची बिघडते. जेट काढून उलट्या बाजूने डब्यातल्याच गॅसचा फवारा मारायचा. तेवढ्याने भागतं, नाही भागलं तर जेट नवा घ्यायचा.

स्पिरिट

स्पिरिटचं इंजिन जवळपास मुकं असतं आणि तीच त्याची मोहिनी आहे. गॅसचा बर्नर सतत घुंघुं करतो, त्यात धुराड्यातून निघणारी भकभक बुडून जाते. स्पिरिटवर ती स्वच्छ ऐकू येते, चढावर जड होते, उतारावर हलकी. ज्यांना इंजिन ऐकायचंय त्यांनी माझा वरचा सल्ला खुशाल बाजूला ठेवावा.

पण मग लक्ष द्यायची तयारी हवी. साध्या प्रकारात बॉयलरच्या खाली नुसत्या वाती पेटतात. हा स्वस्त असतो, पण वाऱ्याची झुळूक आली की ज्योत बाहेर पडून बाजूचा रंग भाजते. चांगल्या प्रकारात ज्योत बॉयलरच्या नळ्यांमधून ओढली जाते, आणि ओढ हवी म्हणजे हवेचा प्रवाह हवा. सुरुवातीला धुराड्यावर सेलवर चालणारा छोटा पंखा बसवायचा. दहा-पंधरा पीएसआय झाले की इंजिनाचाच ब्लोअर (धुराड्यात वाफेची धार सोडून हवा ओढणारी नळी) उघडायचा आणि पंखा काढायचा. हा क्रम चुकला किंवा स्टेशनात थांबताना ब्लोअर बंद राहिला, तर ज्योत मागे फिरून केबिनमध्ये येते. दिवसाउजेडी ती दिसतही नाही, रंगाला फोड आले की कळतं. स्पिरिट सांडून पेटलं तर पाण्याने विझतं, कारण ते पाण्यात मिसळतं. म्हणून शेजारी भरलेली बादली हवीच.

आपल्याकडचा फायदा असा की फर्निचरला पॉलिश करणारे वापरतात ते डिनेचर्ड स्पिरिट चालतं. तोटा असा की ते हवेतलं पाणी शोषतं. कोकणात पावसाळाभर अर्धी उघडी राहिलेली बाटली नीट वाफ धरू देत नाही. वाती फार घट्ट कोंबायच्या नाहीत आणि कोरड्या जळू द्यायच्या नाहीत. जुनं इंजिन हाती आलं तर आधीची वात ॲस्बेस्टॉसची असू शकते. ती कोरडी उपटू नका, ओली करून काढा आणि सिरॅमिक फायबरची घाला.

कोळसा

इथे तुम्ही इंजिन चालवत नाही, त्याची चाकरी करता. रॉकेलमध्ये भिजवलेल्या लोणारी कोळशावर आग धरायची, मग वाटाण्याहून बारीक दगडी कोळसा चमच्याने टाकत राहायचा. दर चार-पाच मिनिटांनी आग बघायची, बॉयलरमधली पाण्याची पातळी दाखवणारी काच बघायची, पंपाचा बायपास (बॉयलरमध्ये किती पाणी जाईल ते ठरवणारा व्हॉल्व्ह) सांभाळायचा. गप्पा मारायला मान वळवली की एक तर आग मरते नाहीतर पाणी खाली जातं. संपल्यावर नळ्यांमधून ब्रश, राखपेटी साफ, धुराड्यामागची काजळी साफ. काजळी ओलाव्यात राहिली तर धातू खाते. खरा फुटप्लेटचा (ड्रायव्हर उभा राहतो त्या जागेचा) वास मात्र इथेच मिळतो, हे मान्य.

कोळसाही कुठलाही चालत नाही. भारतीय कोळशात राख ३०-४० टक्क्यांच्या घरात, तळहाताएवढी जाळी लगेच तुंबते. वेल्सचा स्टीम कोल उत्तम, पण तो देणारी तिथल्या मर्थर टिडफिलची फॉस-इ-फ्रान खाण नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाली. छोट्या इंजिनाला फेरीमागे मूठ-दोन मुठीच लागतात, त्यामुळे जुनं एखादं पोतं मिळालं तर कित्येक वर्षं पुरेल. पहिलं इंजिन म्हणून कोळसा घेऊ नका. तिसरं म्हणून जरूर घ्या.

उरलेले प्रकार थोडक्यात. इंधनवड्यांवर चालणारी मॅमॉडसारखी खेळणी स्वस्त आणि गमतीची, पण वेगावर ताबा कमी आणि तळाशी चिकट थर साचतो. हॉर्नबी या मॉडेल-रेल्वे कंपनीने २००३ मध्ये रुळांतल्या विजेने पाणी तापवणारं इंजिन आणलं होतं. कल्पना चतुर, पण त्यात आगच नाही.

कुठलंही घेतलं तरी

पाणी डिस्टिल्ड. बॅटरीच्या दुकानात मिळतं ते चालतं, फक्त बाटलीत ॲसिड नाही याची खात्री करा. बोअरिंगचं पाणी घातलंत तर क्षार धरलाच. दर फेरीनंतर वंगणाच्या भांड्यात तळाशी साचलेलं पाणी काढून नवं स्टीम ऑइल भरायचं. साधं मोटरचं तेल नको, ते वाफेत टिकत नाही. आणखी एक सवय लावून घ्या. दाब उतरला की पाणी भरायचं बूच सैल करून ठेवा. बॉयलर थंड होताना आत पोकळी होते आणि ती वंगणाचं तेल आत ओढून घेते. बॉयलरमध्ये तेल गेलं की पुढच्या वेळी पाणी फेसाळतं आणि धुराड्यातून मळकट पिचकाऱ्या उडतात.

जुनं घेत असाल तर तांब्याचा बॉयलर चांदीच्या डागाने जोडलेला आहे का ते विचारा. शिशाच्या डागाचा असेल तर सोडून द्या. आपल्याकडच्या बॉयलर कायद्याच्या व्याख्येत २५ लिटरच्या आतलं भांडं येत नाही, म्हणजे सरकारी तपासनीस येणार नाही, तपासायचं आपल्यालाच. बॉयलर पाण्याने काठोकाठ भरून, हातपंपाने चालू दाबाच्या दीडपट, म्हणजे ४० पीएसआयवाल्याला ६०, दाब द्या आणि काटा खाली सरकतो का ते बघत बसा. विकणारा ‘त्याची काय गरज’ म्हणाला तर पैसे खिशातच ठेवा. सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र पाण्यावर तपासून भागत नाही. तो वाफेवर, तुमच्यासमोर, ठरल्या दाबाला उडताना दिसला पाहिजे.