गावची लहान शाळा की तालुक्याची मोठी शाळा? सामूहिक जीवन आणि परंपरा यांच्या अंगाने एक तुलना

श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात राहणाऱ्या पालकांपुढे मूल पहिलीच्या वयाचे झाले की एक प्रश्न हमखास उभा राहतो. गावातल्याच मंडळींनी काढलेल्या संस्थेच्या, इयत्तेत जेमतेम बारा-पंधरा मुले असलेल्या शाळेत त्याला घालावे, की बसने तासभर पाठवून मोठ्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत? निकाल, माध्यम आणि शुल्क यांची चौकशी सगळेच करतात. मूल शाळेत कोणामध्ये वाढणार, वर्षभरात कोणत्या रीती त्याच्या अंगवळणी पडणार, हे मात्र प्रवेशाच्या वेळी क्वचितच कोणी विचारते. माझी मोठी मुलगी मोठ्या शाळेतून दहावी झाली आणि धाकटा मुलगा लहान शाळेत सातवीत आहे. दोन्हीकडच्या पालकसभांना मी वर्षानुवर्षे बसले आहे, म्हणून हा आढावा लिहिण्याचे धाडस करते. माझे मत आरंभीच सांगते. शाळेत किती कार्यक्रम होतात हे न मोजता, त्या कार्यक्रमांत किती मुलांच्या हाती खरे काम असते ते पाहावे. आणि लहान शाळा निवडायची असेल तर तिला स्वतःचा वेळ देण्याची तयारी ठेवूनच निवडावी.

वर्षाचा क्रम

पहिला फरक वेळापत्रकातच दिसतो. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, तर केंद्रीय मंडळाच्या शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. शहरात या फरकाचे फारसे काही वाटत नाही. कोकणात एप्रिल म्हणजे आंब्या-काजूचा हंगाम, मुंबईकर नातेवाइकांची ये-जा आणि गावच्या जत्रा; माझ्या मुलीने हे सगळे शाळेच्या बसच्या खिडकीतून पाहिले. गणपतीचेही तसेच. आमच्याकडील मराठी शाळा गणपतीला मोठी सुट्टी देतात आणि ती दिवाळीच्या सुट्टीतून वळती करून घेतात. मोठ्या शाळेत मात्र दोन-तीन दिवसांनंतर वर्ग सुरू झाले आणि गौरी घरात असताना मुलीला चाचणी परीक्षेला जावे लागले. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी किमान २२० दिवस शाळा भरायला हवी. सुट्ट्या कुठून तरी वळत्या कराव्या लागणारच. त्या कुठून करायच्या हे शाळा कोणाला विचारून ठरवते, एवढाच प्रश्न आहे.

लहान शाळेने या बाबतीत एक गोष्ट फार समजून केली आहे. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते आणि कोळीवाड्यातले वडील एरवी न सापडणारे असले तरी त्या दोन महिन्यांत घरी असतात. शाळेची पहिली पालकसभा आणि छपराची डागडुजी नारळी पौर्णिमेच्या आत उरकते. सभेला वडील येतात, बोलतात आणि कौले शाकारायला शिडीवरही चढतात. मोठ्या शाळेची सभा सप्टेंबरात असायची. तिथे कोळी पालकांपैकी फक्त आयाच दिसत, आणि त्याही मागच्या रांगेत.

सण, संमेलन आणि पोपटी

मोठ्या शाळेचे स्नेहसंमेलन देखणे होते, हे प्रांजळपणे मान्य करते. भाड्याचा रंगमंच, ध्वनियंत्रणा, मुंबईहून आलेले नृत्यशिक्षक आणि वेळेत सुरू होऊन वेळेत संपणारा कार्यक्रम. मुलीला तिथे निवेदनाची संधी मिळाली आणि आठशे माणसांसमोर न अडखळता बोलण्याचा जो धीर तिला त्या मंचाने दिला, तो लहान शाळेत मिळाला असता असे मला वाटत नाही. पण तिच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या वाट्याला समूहनृत्यातली शेवटची रांग येत असे आणि पोशाखाचा खर्च सर्वांना सारखाच. खाजगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशस्तरावरच्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखीव असतात. त्या मुलांचे शुल्क माफ असले तरी भाड्याच्या पोशाखाचे पैसे कोण भरणार, हे ठरलेले नसते. त्या दिवशी गैरहजर राहणारी मुले नेमकी कोण असतात, याकडे माझे लक्ष फार उशिरा गेले, याची खंत वाटते.

लहान शाळेचे संमेलन पडवीत होते, ध्वनिक्षेपक मध्येच बंद पडतो आणि नाटुकल्यात काम करणारा मुलगाच पडदा ओढायला धावतो. तिथे मुलांची संख्याच इतकी कमी असते की कोणालाही प्रेक्षक म्हणून बसवून ठेवणे परवडत नाही. दसऱ्याच्या पाटीपूजनात हेच दिसते. मोठ्या शाळेत सभागृहात सरस्वतीची एक मोठी तसबीर असे आणि मुले रांगेने फूल वाहून पुढे सरकत. लहान शाळेत प्रत्येक मूल स्वतःच्या पाटीवर एकचे आकडे जुळवून सरस्वती काढते, पहिलीतल्या मुलाचा हात सातवीतले मूल धरते आणि मग सगळ्या पाट्या भिंतीशी मांडून त्यांच्यावर झेंडूची फुले ठेवली जातात. माझ्या मुलाने पहिल्या वर्षी काढलेली सरस्वती एका बाजूला कलली होती, आणि तिला सरळ करायला कोणीही पुढे आले नाही. मला ते फार आवडले.

पोपटीविषयी, म्हणजे मडक्यात पाल्यासह भाजलेल्या वालाच्या शेंगांच्या बेताविषयी, थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण लहान शाळेच्या परंपरेचे बळ कशात असते ते तिथे नेमके कळते. जानेवारीत वालाच्या शेंगा भरल्या की एका शनिवारी शाळेमागच्या मोकळ्या वाडीत पोपटी लावतात. भांबुर्डी या रानझुडपाचा पाला मुले आदल्या दिवशी बांधावरून काढून आणतात. मडक्याच्या तळाशी पाल्याचा जाड थर, त्यावर ओवा आणि जाडे मीठ लावलेल्या शेंगा, मध्ये बटाटे, कांदे, रताळी, पुन्हा शेंगा, आणि शेवटी तोंडात पाल्याचा घट्ट बोळा. पाण्याचा थेंबही घालायचा नसतो. मडके उपडे ठेवून भोवती पेंढा, काटक्या आणि झावळ्या पेटवतात. अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचे. थेंब चर्र करून उडाला की पोपटी झाली. हा थेंब शिंपडण्याचा मान दरवर्षी शाळा सोडून जाणाऱ्या दहावीच्या मुलांचा, आणि मडके भरायला चौथीच्या मुलांना शिकवण्याचे काम नववीच्या मुलांचे. अंडी घातलेले मडके वेगळे, शाकाहारी वेगळे, आणि दोन्हींवर खडूने खूण. शिक्षक फक्त आगीपाशी उभे असतात. मोठ्या शाळेतही पोपटी झाली होती. आचारी आले, कागदी ताटल्या आल्या, मुलांनी खाल्ले आणि ती बसने घरी गेली. चव दोन्हीकडे चांगलीच होती. पण मडके कसे भरायचे हे माझ्या मुलीला आजही येत नाही, आणि तिचा धाकटा भाऊ ते तिला शिकवतो.

या परंपरा सर्वांच्या आहेत का, हेही पाहिले पाहिजे. म्हसळा-श्रीवर्धन भागात कोकणी मुसलमान कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत आणि दोन्ही प्रकारच्या शाळांत त्यांची मुले येतात. मोठ्या शाळेने पूजाअर्चा कमी ठेवून वार्षिक दिन, क्रीडादिन असे तटस्थ प्रसंग वाढवले आहेत, आणि त्यात कोणाला परके वाटत नाही. लहान शाळेत पाटीपूजनही होते आणि ईदनंतरच्या पहिल्या दिवशी डबाभर शीरखुर्माही वर्गात येतो. पण हे शिक्षकांच्या चांगुलपणावर चालते, कुठल्या लिखित धोरणावर नाही. मुख्याध्यापक बदलले की रीत बदलू शकते, हा धोका पालकांनी डोळ्यांआड करू नये.

लहान शाळेची अडचण

ती एका वाक्यात उरकण्याजोगी नाही. इयत्तेत बारा मुले म्हणजे दहा वर्षे तीच बारा मुले. माझ्या मुलाचे चौथीत असताना वर्गातल्या एका मुलाशी बिनसले. मुळात भांडण दोन घरांमधल्या बांधावरून होते. मुले घरी ऐकलेले शाळेत बोलत होती. मोठ्या शाळेत दोघांना वेगवेगळ्या तुकड्यांत बसवले असते आणि विषय संपला असता. इथे तुकडी एकच, बाकांच्या रांगा दोन, आणि वर्गशिक्षक त्याच आळीत राहणारे. त्यांनी कोणाचीही बाजू न घेण्याच्या नादात सहा महिने काहीच केले नाही. मुलगा सकाळी पोटात दुखते म्हणून सांगत असे. मोठ्या शाळेत समुपदेशक होत्या, त्यांची खोली होती, तक्रारीची वही होती. लहान शाळेत यातले काहीच नव्हते. शेवटी वाडीतल्या एका आजींनी दोन्ही आयांना समोरासमोर बसवले, तेव्हा ते मिटले. गावकी जिथे आधार देते तिथेच ती शाळेच्या आतही शिरते. आपले मूल स्वभावाने एकलकोंडे असेल, किंवा गावात आपल्या घराचे कोणाशी पटत नसेल, तर मी मोठ्या शाळेचाच सल्ला देईन.

दुसरी बाब पालकांच्या श्रमाची. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या आणि शाळांची छपरेही उडाली. मोठ्या शाळेचे पत्रे ठेकेदाराने थोड्याच दिवसांत बसवले. लहान शाळेचे छप्पर पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी, स्वतःची घरे सावरता सावरता, जमेल तसे शाकारले आणि त्याला दिवाळी उजाडली. त्या छपराखाली बसणाऱ्या मुलांना कोणते वासे कोणाच्या बाबांनी चढवले हे ठाऊक आहे, ही मोलाची गोष्ट खरी. परंतु नोकरी किंवा धंद्यामुळे ज्यांना श्रमदानाला जाता येत नाही, त्यांना दरवेळी अपराधी वाटते. उघड कोणी बोलत नसले तरी नावे लक्षात ठेवली जातात.

पालकांचा शब्द कुठे चालतो

इथे शाळेचा कायदेशीर प्रकार विचारून घ्यावा. अनुदानित शाळेत शिक्षण हक्क कायद्याखाली शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. आठवीपर्यंत शालेय पोषण आहारही मिळतो, आणि सगळ्यांनी एका पंगतीत खिचडी खाण्याची सवय हाही सामूहिक जीवनाचाच भाग आहे. विनाअनुदानित शाळेला ही समिती बंधनकारक नाही. तिथे २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत पालक-शिक्षक संघ स्थापन व्हावा लागतो आणि त्याच्या कार्यकारी समितीपुढे शुल्काचा प्रस्ताव ठेवावा लागतो. लहान असो वा मोठी, शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक (सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक) मागून घ्यावा आणि मान्यता कितवीपर्यंत आहे ते पाहावे. लहान संस्थांत शेवटच्या एक-दोन इयत्तांची मान्यता रखडलेली असू शकते.

शाळा पाहायला जायचे तर संमेलनाच्या दिवशी जाऊ नये. त्याआधीच्या आठवड्यातल्या एखाद्या दुपारी जावे. पताका कोण चिकटवत आहे, झाडलोट कोणाकडे आहे, तालमीत ज्याला पाठ होत नाही त्याला कोण सांभाळून घेत आहे, हे तेव्हा दिसते. मग पाचवी-सहावीतल्या एखाद्या मुलाला एवढेच विचारावे, “बाळा, ह्यात तुझे काम काय?”