चार वॅटचा रेडिओ आणि ‘शंभर वॅटचा’ डबा

मी अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो आणि माझ्याकडे हौशी रेडिओचा (हॅम रेडिओचा) टेक्निशियन श्रेणीचा, म्हणजे सुरुवातीचा, परवाना आहे. या परवान्यावर दहा मीटरच्या पट्ट्यात २८.३०० ते २८.५०० मेगाहर्ट्झ या भागात सिंगल साइडबँडवर (आवाज कमी जागेत पाठवण्याच्या पद्धतीने) बोलता येते. नवा संच घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून गेल्या वर्षी जुन्या रेडिओ सामानाच्या बाजारातून मी दहा मीटरवर आणलेला एक सीबी रेडिओ (सिटिझन्स बँड, म्हणजे २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा सर्वसामान्यांसाठीचा बोलण्याचा रेडिओ) आणि त्याची शक्ती वाढवणारा हाताच्या पंजाएवढा एक अँप्लिफायर असा जोड १८० डॉलर रोख मोजून घेतला. अँप्लिफायर पहिल्याच संध्याकाळी जळाला. त्यात विक्रेत्याची लबाडी किती आणि माझे अज्ञान किती, हे नंतर मोजमापाने कळले, आणि ते आकडे इतरांच्या उपयोगी पडावेत म्हणून हे लिहीत आहे.

विक्रेत्याने प्रात्यक्षिक दाखवले होते. टेबलावर रेडिओ, अँप्लिफायर, शक्ती मोजणारा मीटर आणि डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती जिरवणारा रेझिस्टर) एकापुढे एक जोडून त्याने मायक्रोफोनमध्ये शिट्टी वाजवली आणि मीटरचा काटा शंभरावर गेला. डब्यावर ‘इनपुट ४ वॅट, आउटपुट १०० वॅट’ असे छापलेले होते. सीबी रेडिओची शक्ती चार वॅट असते एवढे मी ऐकून होतो, त्यामुळे दोन्ही यंत्रे जणू एकमेकांसाठीच घडवली आहेत असे मला वाटले. मीटर विक्रेत्याचाच आहे आणि त्याच्या आतला छोटा पोटेन्शियोमीटर फिरवला की काटा हवा तिथे नेऊन ठेवता येतो, हा विचार तेव्हा मनात आला नाही. स्वस्तात मिळालेल्या वस्तूकडे माणूस जरा प्रेमानेच पाहतो.

घरी अँटेना जोडून मी तीन-चार वेळा हाक दिली. चौथ्या वेळी रेडिओच्या मीटरचा काटा एकदम खाली बसला, करपलेल्या बेकेलाइटसारखा वास आला आणि अँप्लिफायर बंद पडला. विक्रेत्याला फोन केल्यावर त्याने शांतपणे उत्तर दिले, “तुम्ही जास्त ड्राइव्ह (अँप्लिफायरमध्ये घातलेली शक्ती) दिला. माल जसा आहे तसा विकला होता.” पावती नव्हती, त्यामुळे वाद घालण्यास जागाही नव्हती. त्याचे पहिले वाक्य अर्धे खरे होते, ही यातली सर्वांत चीड आणणारी गोष्ट, कारण तो जास्त ड्राइव्ह देणारा रेडिओही त्यानेच विकला होता.

आमच्या क्लबमधील एका निवृत्त अभियंत्यांनी दोन्ही यंत्रे तपासून दिली. त्यांनी रेडिओ ५० ओहमच्या डमी लोडला जोडला आणि त्यावर लहरीचा आकार पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप लावला. ५० ओहमवर हिशोब सोपा असतो: लहरीच्या शिखराचे व्होल्ट घ्यायचे, त्यांचा वर्ग करायचा आणि शंभराने भागायचे, की शिखरावरची शक्ती वॅटमध्ये मिळते. सीबीच्या नियमांत चार वॅट ही एएमच्या (जुन्या साध्या पद्धतीच्या) कॅरियरची, म्हणजे आवाज नसतानाच्या मूळ लहरीची, मर्यादा आहे, तर साइडबँडवर शिखराला बारा वॅट चालतात. एएममध्येही पूर्ण मॉड्युलेशनला (कॅरियरवर आवाज पूर्ण जोराने चढवल्यावर) शिखर कॅरियरच्या चौपट, म्हणजे सोळा वॅटपर्यंत जाते. बारा वॅटला पडद्यावर वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत सुमारे ६९ व्होल्ट दिसायला हवे होते, पण माझ्या रेडिओचे दिसले ९०. म्हणजे शिखर ४५ व्होल्टचे आणि शक्ती वीस वॅट. झाकण काढल्यावर शक्तीला लगाम घालणाऱ्या सर्किटमधील एका ट्रान्झिस्टरचा पाय कात्रीने कापलेला आढळला. ‘ट्यूनिंग करून दिले आहे’ असे विक्रेता अभिमानाने सांगत होता, ते ट्यूनिंग म्हणजे एवढेच.

अँप्लिफायरची कथा याहून वाईट निघाली. आत एकच ट्रान्झिस्टर होता आणि त्यावर तोशिबाच्या टू एस सी २८७९ चे नाव होते. अस्सल ट्रान्झिस्टर साडेबारा व्होल्टवर, २८ मेगाहर्ट्झला, शिखरावर शंभर वॅट देतो आणि त्यासाठी त्याला साधारण पाच वॅट पुरतात. त्याचे उत्पादन बंद झाल्यापासून बाजारात नकली माल उदंड आहे. ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापूस फिरवताच आमच्या ट्रान्झिस्टरवरची अक्षरे कापसावर उतरली. (तो फोडून आत पाहण्याचा मोह मात्र कोणी करू नये, कारण अस्सल असेल तर त्यात बेरिलिया नावाचे सिरॅमिक असते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे.)

खरे तर अक्षरे पुसण्याचीही गरज नव्हती. डब्याच्या वायरीत पाच अँपियरचा फ्यूज होता. १३.८ व्होल्टवर पाच अँपियर म्हणजे ६९ वॅट आत येणार, त्यातले अर्धे उष्णतेत जाणार, मग बाहेर पस्तीसच्या आसपासच उरणार. बोलण्याची सरासरी शक्ती कमी असल्यामुळे फ्यूज क्षणभर जास्त सोसतो हे खरे, परंतु खरोखर शंभर वॅट देणारे यंत्र पूर्ण जोरावर चौदा-पंधरा अँपियर ओढते आणि त्याला बोटाएवढ्या जाड वायरी नसल्या तरी बुटाच्या नाडीएवढ्या बारीक वायरी कोणी देत नाही. हे टेबलापाशी उभे राहूनच दिसण्यासारखे होते.

यातून एक गोष्ट ध्यानात आली की विक्रेता पूर्ण प्रामाणिक असता तरी हा जोड जुळला नसता. बारा वॅट देणारा रेडिओ पाच वॅट मागणाऱ्या अँप्लिफायरला थेट जोडणे चूकच आहे. मध्ये अटेन्युएटर, म्हणजे शक्ती कमी करणारे रेझिस्टरांचे जाळे, हवे. सहा डेसिबलच्या (शक्ती चौथाईवर आणणाऱ्या) अटेन्युएटरमध्ये दोन्ही टोकांना जमिनीकडे जाणारे १५० ओहमचे एकेक रेझिस्टर आणि मध्ये सुमारे ३७ ओहमचे एक असते. बारा वॅटपैकी पहिल्यात चार, मधल्यात चार, शेवटच्यात एक वॅट जिरतो आणि पुढे तीन वॅट जातात. रेझिस्टर तारेच्या वेटोळ्यांचे चालत नाहीत, कारण ती वेटोळी या फ्रीक्वेन्सीला कॉइल होऊन बसतात. शिवाय हा भाग अँप्लिफायरच्या रिलेनंतर (बोलणे आणि ऐकणे यांच्यात मार्ग बदलणाऱ्या स्विचनंतर) बसवावा लागतो, नाहीतर ऐकू येणारे स्टेशनही तेवढेच क्षीण होते. आमच्या डब्यात हार्मोनिक, म्हणजे मूळ फ्रीक्वेन्सीच्या पटीतल्या नको असलेल्या लहरी, अडवणारा लो-पास फिल्टरही नव्हता. २८.४ मेगाहर्ट्झची दुप्पट ५६.८ होते, आणि अमेरिकेत ती टीव्हीच्या दुसऱ्या चॅनेलची जागा आहे.

हे सर्व परवानाधारकाच्या दहा मीटरपुरते आहे. अमेरिकेत सीबीवर बाहेरून अँप्लिफायर जोडणे बेकायदा आहे, आणि भारतात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झमधली विनापरवाना मुभा पाच वॅटपुरतीच आहे, तेव्हा असा डबा कोणी सामानातून गावी नेऊ नये.

रेडिओचा कापलेला पाय अभियंत्यांनी जोडून दिला आणि आता शिखर बारा वॅटच्या आत आहे. अँप्लिफायरच्या रिकाम्या डब्यात मी अटेन्युएटर आणि फिल्टर बसवून ठेवले आहेत. ट्रान्झिस्टरची जागा मोकळी आहे. दरम्यान एका रविवारी सकाळी, डबा न जोडता, त्या बारा वॅटवरच माझी हाक स्पेनमधल्या एका स्टेशनने उचलली.