सोलापूर रोडच्या नर्सरीतली ट्रेमधली पालेभाजीची रोपं

पुण्याहून सोलापूर रोडने उरुळी कांचनकडे जाताना ओळीने नर्सऱ्या लागतात ना, त्यातल्याच एकीतून दिवाळीनंतर लेट्युस, पाकचोय आणि केलची रोपं आणली, आणि मी तरी जाम खूश आहे. सगळी ९८ खणांच्या प्रो-ट्रेमधली, कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशावर वाढवलेली. वाफ्यातून उपटलेल्या रोपाची बारीक मुळं तुटतात म्हणून ती लावल्यावर माना टाकतात, यात मुळांचा अख्खा गठ्ठाच बाहेर येतो त्यामुळे रोप लगेच धरतं. फक्त खोड धरून ओढू नका, ट्रेला खालून बोटाने दाबायचं. तिथल्या काकांनी न मागता एक रोप काढून मुळं दाखवली, पांढरीशुभ्र! हे बघूनच घ्या, तपकिरी होऊन बुडाशी गुंडाळलेली असतील तर रोप जुनं झालंय, स्वस्त दिलं तरी नको. चार-पाच पानांचं ठेंगणं रोप उंच लुकड्यापेक्षा केव्हाही चांगलं.

एक गोष्ट मात्र पटली नाही, मेथी आणि कोथिंबिरीचे पण ट्रे विकायला ठेवलेत. अहो मेथीची एक जुडी व्हायला किती रोपं लागतात, आणि कोथिंबिरीचं सोटमूळ दुखावलं की ती पानं सोडून फुलावरच जाते. मेथी, शेपू, कोथिंबीर सरळ वाफ्यात बी टाकूनच करा, उगाच पैसे घालवू नका.

रोपं शेडनेटखालची, म्हणजे सावलीच्या जाळीखाली वाढलेली असतात म्हणून आणल्या आणल्या लावू नका, तीन-चार दिवस सकाळचं कोवळं ऊन दाखवा आणि मग संध्याकाळी लावा. लावायच्या आधी ट्रे भिजवून घ्यायचा, कारण कोकोपीट एकदा कोरडं पडलं की वाफ्यात कितीही पाणी घाला, ते पटकन ओलं होत नाही, रोप ओल्या मातीत उभं असून सुकतं. गठ्ठ्यावर मातीचा पातळ थर द्यायचा पण लेट्युसचा मधला कोंब मातीखाली गेला नाही पाहिजे, कुजतो. लेट्युस, पाकचोयला वीतभर अंतर पुरतं, केलला दीड फूट तरी ठेवाच.

सुटी रोपं देतात, अख्खा ट्रे घ्यायची सक्ती नाही. बांधून मात्र पेपरमध्ये देतात आणि पाकचोयची पानं गाडीत चेंबतात, त्यामुळे घरून एखादा उथळ क्रेट घेऊनच जा.