फॅनवाली निर्धूर शेगडी: बंबाच्या जागी घेताय तर आधी हे वाचा

घरात गॅस आहे तरी थंडीत मागच्या खळ्यात बंब पेटतोच, आणि कळण्याची भाकरी चुलीवरचीच लागते, खान्देशात हे कुणाला सांगायला नको. सिलेंडर आंघोळीच्या पाण्यात घालवायला कुणाला परवडतं, आणि शेतातून पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या, तर फुकटच येतात. मग दिवाळीनंतर सकाळी गल्लीत जो धूर बसतो तो काही कारखान्याचा नसतो, आपल्याच बंबांचा असतो. थंडीत जमिनीजवळची हवा गार आणि वरची गरम, त्यामुळे धूर वर जायलाच तयार नसतो, ऊन चढेपर्यंत तिथंच लोंबकळतो. आईला दमा आहे म्हणून ही शेगडी घेतली, अमळनेरच्या बाजारात साडेतीन हजाराच्या आसपास बसली, आणि अख्खी थंडी वापरून झाल्यावर लिहितोय. कंपनीचं नाव टाकत नाही, बाजारातल्या बऱ्याच शेगड्यांचं आतलं काम एकसारखंच आहे, त्यामुळे खालचं सगळं तुमच्यावालीला पण लागू पडेल.

वस्तू म्हणजे दुहेरी भिंतीचा स्टीलचा डबा, बुडाशी छोटा पंखा आणि चार्जिंगची बॅटरी. पंख्याची थोडी हवा खालून जळणाला लागते, बाकीची दोन भिंतींच्या मधून तापत वर येते आणि काठाजवळच्या बारीक भोकांतून आत शिरते. खरी करामत ह्या भोकांची आहे. लाकूड तापलं की त्यातून गॅस निघतो, त्याला हवा पुरली नाही की तो अर्धवट जळतो आणि आपण त्याला धूर म्हणतो. इथं त्याला ऐनवेळी गरम हवा मिळते म्हणून तो भांड्याखालीच जळून जातो. पेटल्यावर वाकून बघा, एकेका भोकापाशी वेगळी ज्योत दिसते, आणि भगोन्याचं बूड नुसतं तपकिरी होतं, काजळीचा थर धरत नाही. भांडी घासणाऱ्याला हा फरक पहिल्याच दिवशी कळतो. आजीनं मात्र बघून विचारलं, "हाई चूल शे का डबा?"

पेटवायची पद्धत उलटी आहे. आधी डबा ढलप्यांनी भरायचा, वर नारळाची शेंडी नाहीतर सुकी पाचट ठेवून वरूनच पेटवायचं, जाळ धरला की पंखा बारीक सुरू करायचा. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण खालून पेटवायला बघतो, तसं केलं की सगळं लाकूड एकदम तापतं आणि मग निर्धूर बिर्धूर काही राहत नाही. मधे जळण टाकायचं तर एक-दोन तुकडे टाका, मूठभर टाकलं की लगेच धूर.

आता मुख्य भानगड जळणाची, आणि दुकानदार हे सांगत नाही. लाकूड बोटभर जाड, वीतभरापेक्षा छोटं आणि खणखणीत वाळलेलं पाहिजे. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं, आणि धूर कमी पाहिजे तर पाणी २० टक्क्यांच्या खाली यावं लागतं, म्हणजे बाभळीला छपराखाली सहा महिने तरी द्या. दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघा, वाळलेलं ठणकन वाजतं, ओलं बद्द वाजतं. बाभूळ ह्यात एक नंबर चालते. पऱ्हाटी पोकळ जळते, दहा मिनिटांत डबा रिकामा, त्यामुळे बंबाएवढं पाणी तापवायचं तर एक माणूस तिथंच बसवून ठेवावा लागतो. आणि पऱ्हाट्यांची गंजी घराशी नाहीतर बांधावर ठेवायची पण पंचाईत, तिच्यात गुलाबी बोंडअळी दडून राहते म्हणून कृषी खातं दरवर्षी सांगतं की काड्या साठवू नका. तुरीच्या काड्या त्यातल्या त्यात बऱ्या. पण तोडायचं काम कुणी करायचं? आमच्याकडे सुरवातीला उत्साहात मी आणि भाऊ कुऱ्हाड घेऊन बसायचो, मग ते हळूहळू वहिनीच्या गळ्यात पडलं, तेव्हा तिनं स्पष्ट सांगितलं की धूर वाचला पण हात गेले. आता रविवारी आम्ही दोघं आठवड्याचं तोडून ठेवतो तेव्हा कुठे शेगडी चालू राहिली.

भाकरी छान होते, फक्त पुढे निखारे नसल्यामुळे तवा बाजूला घेऊन थेट जाळावर फुगवावी लागते, पंखा कमी ठेवला नाही तर कडा करपतात. खापरावरच्या पुरणपोळीचा नाद ह्यावर करू नका. जाळ मधोमध एकवटतो, मधे करपतं, कडेला कच्चं राहतं, आणि खापर तडकलं तर घरात कोण ऐकून घेणार. भरीताचं पण तेच, वांगी काड्यांच्या उघड्या जाळात टाकायची असतात, त्याला शेगडी नाही चालत, भरीत पार्टीचा धूर होणारच आणि मला वाटतं वर्षातून चार वेळा होऊ द्यावा.

डब्यावर निर्धूर लिहिलंय ते जरा जास्तच आहे. बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, २०१३ चं चुलीचं मानक, आयएस १३१५२, पंख्याच्या चुलीला भांड्यात पोचलेल्या दर मेगाज्यूल उष्णतेमागे १५० मिलिग्रॅम कण सोडायची मुभा देतं, बिनपंख्याच्या सुधारित चुलीला ३५०. म्हणजे निम्म्याहून कमी, पण शून्य नाही. पीएम २.५, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांची, आपल्या देशातली २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेची १५, तर बंद स्वयंपाकघरात ही शेगडी लावून हवा साफ राहील असं समजू नका. आम्ही पडवीतच लावतो. आणखी एक, शेवटी उरलेले निखारे धूर देत नाहीत पण कार्बन मोनॉक्साइड देतात, त्याला वास नसतो. थंडीत शेकायला म्हणून ते दार लावलेल्या खोलीत नेऊ नका, त्यानं माणसं झोपेतच जातात.

काही जण म्हणतील, ऐंशीच्या दशकातल्या सरकारी निर्धूर चुलीचं काय झालं. आमच्या जुन्या घरात ती धुराड्याची सिमेंटची चूल होती. धुराड्यानं धूर कमी होत नव्हता, स्वयंपाकघरातून गल्लीत जात होता, आणि काजळीनं पाईप चोंदला की परत घरात. ही शेगडी निदान धूर जाळते तरी.

बॅटरीमुळे लाईट गेली तरी काम अडत नाही, लोडशेडिंगवाल्या गावात हे महत्त्वाचं. पण चार्जिंगची पिन दोन महिन्यांत ढिली झाली. वॉरंटी दाखवली तर दुकानदार म्हणे कंपनीला फोन करा, कंपनी म्हणे दुकानात जा, शेवटी मोबाईल रिपेअरवाल्यानं चाळीस रुपयांत डाग देऊन दिली.

माझ्याकडून ५ पैकी साडेतीन. चार-पाच माणसांचं पाणी, भाकरी, डाळ एवढ्यासाठी आणि लाकूड तोडायला घरात गडी तयार असेल तर घ्या. छतावर ऊन येत असेल आणि पैसे असतील तर आंघोळीच्या पाण्याला सोलरच बरा, आपल्याकडे उन्हाची काय कमी. शेगडीच घेणार असाल तर दुकानात पंखा कमी-जास्त करून बघा, आणि जादा अडॅप्टर बिल व्हायच्या आधीच मागून घ्या, नंतर कुणी देत नाही.