पायटेस्ट: हवी तीच टेस्ट, हवी तेव्हा

मी कोल्हापुरात पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत टेस्टिंग बघते. मुदत ठेव, पिग्मी, कर्जाचे हप्ते, थकबाकीवरचं व्याज, पासबुकाची छपाई, सगळा पै-पैचा हिशेब. कोड पायथनमध्ये आहे आणि टेस्ट, म्हणजे कोड बरोबर उत्तर देतो का ते तपासणारे छोटे प्रोग्राम, चालवायला आम्ही पायटेस्ट वापरतो. टर्मिनलमध्ये चालणारं, एमआयटी लायसन्सचं, पूर्ण मोफत टूल. पायपाय (पायथनचा कोड चालवणारी वेगळी प्रणाली) या प्रकल्पाच्या आसपास होल्गर क्रेकेल यांनी ते सुरू केलं. आधी कमांडच्या नावात मध्ये टिंब होतं, पाय डॉट टेस्ट असं. २०१६ च्या ३.० आवृत्तीपासून ते टिंब गेलं. जुन्या ट्यूटोरियलमध्ये टिंबवालं नाव दिसलं तर गोंधळू नका, टूल तेच आहे.

आधी मत सांगते, मग कारणं. सगळ्या टेस्ट एकदम चालवणं कुठल्याही टूलला जमतं. पण दिवसभर काम करताना आपल्याला सगळ्या टेस्ट नकोच असतात, आत्ता या घडीला ज्यांचं उत्तर हवंय तेवढ्याच हव्या असतात. ही निवड पायटेस्ट इतक्या हातासरशी करू देतं की टेस्ट चालवायचा कंटाळा येत नाही, आणि कंटाळा आला नाही की टेस्ट खरोखर चालवल्या जातात. पायथनसोबत आयतं येणारं युनिटटेस्ट वाईट नाही, पण मागच्या वेळी ज्या फेल झाल्या फक्त त्याच चालव, असं त्याला सांगता येत नाही. माझ्या रोजच्या कामात त्या एका सोयीनेच सगळ्यात जास्त वेळ वाचतो.

ती सोय म्हणजे डॅश डॅश एलएफ, लास्ट फेल्ड, हा कमांडला जोडायचा पर्याय. पायटेस्ट प्रत्येक वेळी फेल झालेल्या टेस्टची नोंद प्रोजेक्टमधल्या एका लपलेल्या कॅश फोल्डरमध्ये ठेवतं. डेव्हलपरने दुरुस्ती केली की मी एलएफ लावून चालवते, आणि फक्त पडलेल्या टेस्ट पुन्हा उभ्या राहतात का ते कळतं. सगळ्या पास झाल्यावर पुन्हा एलएफ दिलं तर मागे फेल काहीच नसल्यामुळे ते सगळ्या टेस्ट चालवतं. हे वागणं मला पटतं, कारण शेवटी एकदा पूर्ण फेरी व्हायलाच हवी. याच्याच शेजारी डॅश डॅश एफएफ आहे: आधी पडलेल्या, मग उरलेल्या. मोठा बदल असेल तेव्हा डॅश डॅश एसडब्ल्यू वापरते. ते पहिल्या फेलवर थांबतं आणि पुढच्या वेळी तिथूनच पुढे निघतं. एकेक गाठ सोडवत जायचं असेल तर यासारखं काही नाही.

डॅश के ने नावावरून निवड होते. आमच्या टेस्टची नावं रोमन लिपीत असतात, त्यामुळे ‘व्याज अँड नॉट पिग्मी’ एवढं लिहिलं की व्याजाच्या टेस्ट येतात आणि पिग्मीच्या वगळल्या जातात. काय निवडलं जातंय याची खात्री नसेल तर डॅश डॅश कलेक्ट-ओन्ली लावा, टेस्ट न चालवता नुसती यादी मिळते. नवीन माणूस टीममध्ये आला की मी त्याला आधी ही यादी वाचायला लावते. टेस्टची नावं नीट असतील तर सॉफ्टवेअर काय काय करतं ते त्यातूनच समजतं.

आता चुका कशा दाखवतं ते. पायटेस्टमध्ये साधं असर्ट, म्हणजे ‘हे खरं असलंच पाहिजे’ अशी ओळ, लिहायचं, युनिटटेस्टसारखी वेगवेगळी असर्ट फंक्शनं पाठ करायची नाहीत. पडल्यावर ते आतल्या किमती उलगडून दाखवतं. समजा व्याज जवळच्या रुपयाला पूर्ण करायचंय आणि टेस्टमध्ये राउंड(१२.५) बरोबर १३ असं लिहिलंय. पायथनचा राउंड नेमक्या अर्ध्यावर जवळच्या सम संख्येकडे वळतो, त्यामुळे उत्तर १२ येतं आणि टेस्ट पडते. स्क्रीनवर लाल अक्षरात ‘असर्ट १२ == १३’ आणि त्याच्या खाली ‘व्हेअर १२ = राउंड(१२.५)’ अशी ओळ येते. ही खालची ओळ लाखमोलाची आहे. १२ कुठून आला हे शोधायला प्रिंट घालायची गरज नाही. आमचा डेव्हलपर ती ओळ बघून म्हणाला, “ताई, हे डेसिमलनेच करायला लागणार,” आणि दशांश आकडे नेमके ठेवणाऱ्या पायथनच्या त्या डेसिमल प्रकारात, राउंडिंगचा नियम स्पष्ट सांगून त्याने ते केलं. संस्थेचा सभासद काउंटरवर येऊन एका रुपयासाठी भांडतो तेव्हा तो बरोबर असतो, म्हणून मला या बाबतीत ढिलाई चालत नाही.

याच कारणासाठी एका गोष्टीबद्दल कळकळीने सांगायचंय. पायटेस्टमध्ये अप्रॉक्स नावाची सोय आहे, दशांशातल्या बारीक फरकाकडे दुर्लक्ष करायला. शास्त्रीय गणितासाठी ती उत्तम. पण पैशासाठी ती जशीच्या तशी वापरू नका. तिची ठरलेली सवलत अपेक्षित रकमेच्या दहा लाखाव्या भागाएवढी असते. म्हणजे १०,००० रुपयांच्या ठेवीवर एक पैसा, १० लाखांवर चक्क एक रुपया आणि एक कोटीवर दहा रुपये. छोट्या रकमांच्या टेस्ट कडक वाटतात, मोठ्या रकमांच्या गुपचूप सैल होतात. १० लाखांच्या जागी ९० पैसे जास्त आले तरी टेस्ट हिरवी. आमच्याकडे आलेल्या एका जुन्या कोडबेसमध्ये कर्जाच्या सगळ्या टेस्ट अशाच लिहिलेल्या होत्या. मी त्या एकूण एक बदलून घेतल्या: डेसिमल, आणि थेट बरोबरी. फरक चालवायचाच असेल तर किती पैशांचा चालेल ते अप्रॉक्सला आकड्यात सांगा. ही माहिती डॉक्युमेंटेशनमध्ये आहे, पण पैशाच्या संदर्भात ठळक अक्षरात असायला हवी होती.

पॅरामेट्राइझ, म्हणजे एकच टेस्ट वेगवेगळ्या किमतींवर चालवणं, हे पायटेस्टचं सगळ्यात देखणं अंग, आणि मराठीसाठी तर फारच उपयोगी. पावतीवर रक्कम अक्षरी छापावी लागते. इंग्रजीत वीसच्या पुढे नियमाने शब्द जोडता येतात. आपल्याकडे नव्व्याण्णवपर्यंत जवळजवळ प्रत्येक आकड्याचं रूप वेगळं. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद असं सरळ चाललंय म्हणून कुणी नियम बांधला तर ९९ ला तो कोसळतो. म्हणून आम्ही एक ते नव्व्याण्णवची पूर्ण यादी पॅरामेट्राइझला दिली आहे. एकच फंक्शन, पण प्रत्येक आकड्याची स्वतंत्र टेस्ट. हेच फॉर लूपमध्ये लिहिलं असतं तर पहिली चूक सापडताच लूप थांबला असता आणि पुढच्या चुका लपल्या असत्या. इथे जेवढे शब्द चुकले तेवढे सगळे एका फेरीत समोर येतात.

याच ठिकाणी मराठी माणसाला ठेच लागते. पायटेस्ट प्रत्येक टेस्टचं नाव त्यात दिलेल्या किमतींवरून बनवतं, आणि रोमनबाहेरची अक्षरं त्या नावात तशीच ठेवत नाही, त्यांचे युनिकोड क्रमांक घालतं. त्यामुळे ‘एकोणसाठ’ च्या जागी तिरप्या रेघा आणि कोड यांची लांबलचक माळ दिसते. कुठला शब्द चुकला ते नावावरून समजतच नाही. हे बंद करायची सेटिंग आहे, पण तिचं नाव पाहा: डिसेबल टेस्ट आयडी एस्केपिंग अँड फॉरफिट ऑल राइट्स टू कम्युनिटी सपोर्ट. म्हणजे हे चालू केलंत तर पुढच्या अडचणींना आमच्याकडून मदतीची अपेक्षा ठेवू नका, असं सेटिंगच्या नावातच लिहून घेतलंय. वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर आणि प्लगइनमध्ये अडचणी येऊ शकतात म्हणून ही सावधगिरी, ते मला समजतं. तरी देवनागरीत, तमिळमध्ये, चिनीत काम करणारे लोक काही अपवाद नाहीत, आणि त्यांच्यासाठी याहून चांगला मार्ग हवा. आम्ही ती सेटिंग चालू न करता प्रत्येक ओळीला अंकाचा आयडी दिला आहे. आता फेल झालेली टेस्ट चौकटी कंसात ५९ अशी दिसते आणि तेवढीच एक टेस्ट त्या पूर्ण नावाने चालवता येते. मॅकवर झेडशेल (टर्मिनलमधल्या कमांड वाचणारा प्रोग्राम) असेल तर ते नाव अवतरणात घाला, नाहीतर शेल कंसालाच अडून बसतं.

तारखांसाठीही पॅरामेट्राइझच. २९ फेब्रुवारी २०२४ ला ठेवलेली एक वर्षाची मुदत ठेव कधी पूर्ण होते? पायथनमध्ये नुसतं वर्ष बदलून २०२५ केलं तर ती तारीखच अस्तित्वात नसल्याने प्रोग्राम एरर देऊन थांबतो. २८ फेब्रुवारी धरायची की १ मार्च, हे संस्थेच्या नियमाप्रमाणे ठरतं, आणि ते आम्ही टेस्टच्या ओळीतच लिहून ठेवलंय. नियम बदलला की एक ओळ बदलते.

फिक्श्चर, म्हणजे टेस्टसाठीची पूर्वतयारी, याबद्दल माझं मत जरा मिश्र आहे. टेस्टच्या फंक्शनला नुसतं ‘सभासद’ असं आर्ग्युमेंट दिलं की तयार खातेदार हातात येतो, टेस्ट संपली की डेटाबेस पूर्ववत होतो. लिहायला सुंदर. पण वाचणाऱ्याला तो सभासद आला कुठून ते दिसत नाही, कारण तो कॉनफ्टेस्ट नावाच्या भलत्याच फाइलमध्ये असतो, कधी दोन फोल्डर वर. अशा वेळी डॅश डॅश सेटअप-शो लावा: कुठलं फिक्श्चर कधी उभं राहिलं आणि कधी मोडलं, ते क्रमाने दिसतं. आणि फिक्श्चरचा स्कोप सेशन करताना, म्हणजे तेच एक फिक्श्चर पूर्ण रनभर वापरताना, दहादा विचार करा. वेळ वाचतो खरा, पण एका टेस्टने खातं बंद केलं की पुढची टेस्ट विनाकारण पडते, आणि त्याहून वाईट म्हणजे कधी विनाकारण पास होते. हे पकडायला पायटेस्ट-रँडमली हे प्लगइन घाला, ते टेस्टचा क्रम पिसून टाकतं.

टेस्ट समांतर चालवायला एक्सडिस्ट हे वेगळं प्लगइन लागतं. डॅश एन ऑटो दिलं की मशीनच्या कोअरप्रमाणे काम वाटलं जातं. वेग चांगलाच वाढतो, पण सेशन स्कोपचं फिक्श्चर प्रत्येक वर्करमध्ये, म्हणजे समांतर चालणाऱ्या प्रत्येक प्रक्रियेत, वेगळं चालतं. म्हणून टेस्ट डेटाबेसच्या नावात वर्कर आयडी जोडा, नाहीतर सगळे वर्कर एकाच डेटाबेसवर तुटून पडतात.

मार्कर, म्हणजे टेस्टला लावायची खूण, याबद्दल एक धोक्याची सूचना. आम्ही आर्थिक वर्ष बंद करण्याच्या टेस्टना ‘मार्चएंड’ मार्कर लावतो आणि डॅश एम ने तेवढ्याच चालवतो. कुणी मार्करचं स्पेलिंग चुकवलं तर पायटेस्ट फक्त वॉर्निंग देतं. ती टेस्ट मग निवडीतून बाहेर राहते आणि बाकी सगळं हिरवं दिसतं. ३१ मार्चच्या रात्री हे परवडणारं नाही. डॅश डॅश स्ट्रिक्ट-मार्कर्स कायमचं सेटिंगमध्ये टाका, मग चुकीच्या मार्करवर पायटेस्ट अडतं. ही कडक शिस्त आधीपासूनच चालू असायला हवी होती असं मला ठामपणे वाटतं. एक्सफेलचंही तेच. आज पडणार हे माहीत असलेली टेस्ट उद्या पास झाली तर पायटेस्ट ते नोंदवतं, पण रन फेल करत नाही. एक्सफेल स्ट्रिक्ट चालू करा.

उलट एक शिस्त त्यांनी आपणहून पाळली आहे: एकही टेस्ट सापडली नाही तर एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना सिस्टिमला देतो तो आकडा) ५ येतो, ‘सगळं ठीक’ सांगणारा शून्य नाही. त्यामुळे चुकून टेस्ट नसलेलं फोल्डर दिल्याने सर्व्हरवर एकही टेस्ट चालली नाही, तर बिल्ड लाल होतो.

मॅन्युअल टेस्ट केसेसची नोंद, कोणी काय तपासलं, सही-शिक्का, यातलं काही पायटेस्ट करत नाही. जेयुनिट एक्सएमएल रिपोर्ट काढता येतो आणि तो बहुतेक सीआय सर्व्हरना, म्हणजे कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरना, समजतो. साहेबांना दाखवण्यासारखा एचटीएमएल रिपोर्ट हवा असेल तर त्यालाही वेगळं प्लगइन. माझं त्यावर अडलं नाही.

तुमच्याकडे आधीच युनिटटेस्टमध्ये लिहिलेल्या टेस्ट असतील तर त्या पाडून नव्याने लिहायची गरज नाही. पायटेस्ट त्या तशाच चालवतं, एलएफ आणि डॅश के सकट. नवीन टेस्ट तेवढ्या साध्या फंक्शनमध्ये लिहायला लागा. पॅरामेट्राइझ जुन्या टेस्टकेस क्लासमध्ये चालत नाही, त्यामुळे ज्या टेस्टना लांब याद्या लागतात त्या आधी बाहेर काढा.